मोटार बोअरमध्ये पडली, भरपाई कोणी द्यायची?

उन्हाळा तोंडावर आला की लातूर-नांदेडच्या कुठल्याही नगरात एक दृश्य हमखास दिसतं. दारातल्या बोअरवर लोखंडी घोडी उभी असते, चेन-पुलीला पाइप लटकलेला असतो, तीन-चार जण वाकून खाली बघत असतात आणि घरमालक येरझाऱ्या घालत असतो. मोटार जळाली आहे, वर काढायची आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दारातल्या बोअरचं मोल कोणाला सांगायला नको.

काम वरवर सोपं दिसतं. तीनशे फुटांवर सोडलेली मोटार म्हणजे वीस फुटी पंधरा पाइप. एक पाइप वर खेचायचा, खालच्या पाइपच्या सॉकेटखाली क्लॅम्प आवळायचा, वरचा पाइप खोलून बाजूला ठेवायचा, की पुढचा. पाइप खोलला जातो तेवढा वेळ खाली लटकलेला सगळा बोजा एका क्लॅम्पवर असतो. लोखंडी पाइप, केबल आणि मोटार मिळून हा बोजा सुरुवातीला तीनशे किलोच्या घरात जातो. क्लॅम्पचे आटे झिजलेले असले किंवा घाईत बोल्ट अर्धाच आवळला, की पाइप निसटतो आणि दोन सेकंदांत सगळं तळाला जातं. मोटारीला वेगळा नायलॉनचा रस्सा बांधून वर अडकवलेला असेल तर निदान सापडायची आशा. रस्सा नसेल तर मोटार गेली, पाइप गेले आणि पुष्कळदा बोअरही गेला, कारण मधे अडकलेल्या सांगाड्याच्या खाली नवी मोटार उतरत नाही.

मग भांडण. मालक म्हणतो, भरून दे. मिस्त्री म्हणतो, मालक, मुद्दाम थोडंच केलं? शेजारी सल्ला देतो, मजुरी देऊ नका आणि पोलिसात जा. सात-आठशे रुपये रोजावर आलेल्या माणसाच्या हातून त्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढं नुकसान झालेलं असतं. त्याच्यामागे कंपनी नाही, त्याचा विमा नाही, कधीकधी त्याचा पत्ताही ठाऊक नसतो. भरपाई कोणी द्यायची?

या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी नुकसान झाल्यावर ठरत नाही. ते काम सांगताना, दारात उभ्या उभ्या झालेल्या दोन-चार वाक्यांच्या बोलीतच ठरून गेलेलं असतं. ते कसं, ते बघू.

चूक आणि अपघात

‘मुद्दाम नाही केलं’ हे मिस्त्रीचं उत्तर दिवाणी कायद्यात पुरेसं नाही. भरपाईसाठी वाईट हेतू लागत नाही, निष्काळजीपणा पुरतो. निष्काळजीपणा मोजायची पट्टीही साधी आहे: त्या कामातला बऱ्यापैकी जाणता माणूस जी काळजी घेतो, ती या माणसाने घेतली का? क्लॅम्प तपासला नाही, रस्सा बांधला नाही, तर नाही घेतली. पण वीस वर्षं पाण्यात राहून गंजलेला पाइपच आट्यापाशी तुटला, तर जगातल्या कुठल्याही मिस्त्रीच्या हातून तो तुटला असता. तो अपघात. त्याची भरपाई कोणाकडूनच मागता येत नाही.

यात मालकाचीही बाजू तपासली जाते. रस्सा मालकाने घरातला जुना काढून दिला होता का? भिंतीत ड्रिल मारायला सांगताना आत पाइपलाइन आहे हे सांगितलं होतं का? प्लॅस्टरआड गेलेल्या नळाचा आणि वायरिंगचा रस्ता फक्त घरमालकाला माहीत असतो. तो न सांगता ‘इथे मार भोक’ म्हणणाऱ्याने फुटलेल्या पाइपचं सगळं खापर कारागिरावर फोडणं न्यायालयात टिकणं कठीण.

किती भरपाई, यालाही नियम आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा; त्याच्या ७३ व्या कलमानुसार करार मोडल्यामुळे ओघाने झालेलं नुकसान मिळतं, लांबचं आणि आडवळणाचं मिळत नाही. मोटार पडली म्हणून नवे पाइप मिळतील. पाणी नव्हतं म्हणून मुलीचं लग्न पुढे ढकलावं लागलं, त्याचा खर्च मिळणार नाही. दहा वर्षं वापरलेल्या मोटारीच्या जागी कोऱ्या मोटारीची पूर्ण किंमतही मागता येत नाही, कारण मग नुकसान भरून निघण्याऐवजी फायदाच होतो. आणि नुकसान वाढू न देणं हे ज्याचं नुकसान झालं त्याचंही काम आहे. प्लंबरने पाइप फोडला आणि त्याच्याशी वाद घालत तुम्ही मेन व्हॉल्व्ह दोन तास उघडाच ठेवलात, तर त्या दोन तासांत भिजलेलं फर्निचर तुमच्या खात्यावर.

रोजाने की गुत्त्याने

आता मुख्य गाठ. आपल्याकडे काम द्यायच्या दोन रीती आहेत. रोजाने, म्हणजे दिवसाची मजुरी ठरवून; आणि गुत्त्याने, म्हणजे कामाची एकूण रक्कम ठरवून. आपण यातला फरक पैशांचा समजतो: गुत्त्यात काम लवकर होतं, रोजात नीट होतं. कायदा मात्र यात जबाबदारीचा फरक बघतो.

शेतातलं उदाहरण घ्या. पाडव्याला ठेवलेला सालगडी आणि सोयाबीनच्या मळणीला पोत्यामागे दर ठरवून बोलावलेला मशीनवाला, दोघंही तुमच्याच शेतात राबतात. पण सालगड्याला आज काय करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं, हे तुम्ही सांगता. औत-बैल तुमचे. मशीनवाल्याला तुम्ही फक्त काय हवं ते सांगता: ही गंज, एवढी मळून दे. मशीन त्याचं, माणसं त्याची, पट्टा कधी बदलायचा ते तो ठरवतो. कामाच्या पद्धतीवर ताबा कोणाचा, हा कायद्याचा पहिला प्रश्न. ताबा तुमचा तर तो तुमचा नोकर, मग नोकरी एका दिवसाची का असेना. ताबा त्याचा तर तो स्वतंत्र गुत्तेदार.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न विड्यांच्या धंद्यातून दोनदा आला. १९५८ च्या चिंतामण राव प्रकरणात सागरच्या विडी कारखान्यासाठी आपल्या माणसांकडून विड्या वळवून आणणारे सट्टेदार होते. न्यायालयाने त्यांना स्वतंत्र ठेकेदार ठरवलं. १९६१ च्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात नागपूरच्या कारखान्यात येऊन विड्या वळणारे होते. नगावर पैसे, येण्या-जाण्याच्या वेळेची बरीच मोकळीक. तरीही ते कारखान्याचे कामगार ठरले, कारण विडी नीट नसली तर मालक ती बाद करू शकत होता आणि ठरल्या वेळात कामगाराला स्वतःच येऊन वळावं लागत होतं. हे निकाल कारखाना कायद्याखालचे असले तरी त्यातली कसोटी भरपाईच्या दाव्यातही उपयोगी पडते. यातून एक गोष्ट स्पष्ट होते: नुसतं ‘गुत्तं’ म्हटल्याने गुत्तं होत नाही. तुम्ही दिवसभर खुर्ची टाकून ‘इथे वाळू जास्त घाल, तिथली वीट काढ’ सांगत बसलात, तर गुत्त्याची रक्कम ठरलेली असूनही ताबा तुमचाच होता असं कोणी म्हणू शकतं.

याचा तुमच्या खिशाशी संबंध असा. गुत्तेदाराने काम घेतलं, तर त्याने आणलेल्या मजुराच्या चुकीला तो जबाबदार. मजुराच्या हातून क्लॅम्प निसटला तरी तुम्ही गुत्तेदाराला धरू शकता, आणि गुत्तेदाराकडे घोडी असते, चेन-पुली असते, गावात नाव असतं, पुढचं काम मिळवायचं असतं. सकाळी चौकातून दोन माणसं गाडीवर बसवून आणली, तर मधे कोणीच नाही. कामावर देखरेख करणारे तुम्ही, मालक तुम्ही आणि नुकसान सोसणारेही तुम्हीच.

मुकादमाचं प्रकरण थोडं फसवं आहे. काही मुकादम फक्त माणसं जमवून देतात आणि माणशी दहा-वीस रुपये घेतात. काही पूर्ण काम अंगावर घेतात. पहिल्याला नुकसानीसाठी धरणं अवघड, दुसऱ्याला सोपं. म्हणून काम सांगताना एक प्रश्न विचारावाच: काम तुमच्या अंगावर, की फक्त माणसं देताय?

शेजाऱ्याची भिंत पडली तर

स्वतःच्या घराचं नुकसान सोसून गप्प बसता येतं. शेजाऱ्याचं नुकसान झालं की गप्प बसता येत नाही. तुमच्या रोजंदारीवरच्या माणसाने पाया खोदताना शेजाऱ्याची भिंत उघडी पाडली, तर शेजारी थेट तुमच्याकडे येईल आणि कायदाही त्याला तुमच्याकडेच पाठवेल. नोकराच्या हातून कामाच्या ओघात जे घडतं त्याला मालक जबाबदार, हे तत्त्व आपल्याकडे पक्कं आहे. एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची गाडी चालवत नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाला होता. वाटेत गाडी झाडावर आदळली आणि सोबतचे गृहस्थ दगावले. पुष्पाबाई उदेशी यांच्या या प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, कारण व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता. कंपनी असो की घरमालक, तत्त्व तेच.

गुत्त्याने काम दिलं असेल तर ही जबाबदारी सहसा गुत्तेदाराकडे जाते. सहसा. कामच मुळात धोक्याचं असेल, जसं सामाईक भिंतीचा आधार काढणं किंवा दाट वस्तीत जुनं माळवद उतरवणं, तर ‘मी गुत्तं दिलं होतं’ एवढं सांगून हात झटकता येत नाहीत. मातीचा थरावर थर चढलेली माळवदं किती वजनदार असतात हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवच्या गावांनी भोगलं आहे. असं छत कोणत्या बाजूने आधी मोकळं करायचं, टेकू कुठे द्यायचे, हे ज्याला कळत नाही अशा माणसाला स्वस्त मिळतो म्हणून काम देणं हाच मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा ठरू शकतो. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाचा नसेल, पण यंत्राचा विमा असतो

ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जेसीबीवाला, ट्रॅक्टरवाला, पाण्याचा टँकरवाला हे रोजंदारीवरचे असले तरी त्यांचं वाहन नोंदणीचं असतं, आणि मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरच्या वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. उत्खनन यंत्रंही मोटार वाहनच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बोस अब्राहम प्रकरणात सांगितलं. टँकरने मागे येताना कंपाउंडचा खांब पाडला, तर ड्रायव्हरच्या गरिबीवर चर्चा करण्याआधी गाडीचा नंबर आणि विम्याचा कागद यांचा फोटो काढा. व्यावसायिक वाहनांच्या प्रचलित पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं आणि असा दावा जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. अडचण एकच: अपघात सार्वजनिक जागेत झाला का आणि जेसीबी त्या क्षणी वाहन म्हणून चालत होता की खोदाईचं यंत्र म्हणून, यावर विमा कंपन्या बोट ठेवतात. पॉलिसीत यंत्र म्हणून वापराचं जादा कलम घेतलंय का, ते वाचून बघावं लागतं.

पोलीस काय करतील

फारसं काही नाही, आणि त्यांचा दोष नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ३२४ वं कलम मालमत्तेच्या आगळिकीचं आहे. ते लागायला नुकसान करण्याचा हेतू हवा, किंवा नुकसान होण्याची शक्यता आहे याची जाणीव हवी. निसटलेल्या क्लॅम्पमध्ये दोन्ही नसतं. ठाण्यात फार तर अर्ज घेतील, दोघांना बसवून समजावतील. वसुली हे पोलिसांचं काम नाही. एखादा अंमलदार ‘देऊन टाक रे पैसे’ म्हणून दम देईलही, पण त्या दमाला कायद्याचा आधार नाही.

मजुरी कापणं आणि माणूस अडकवणं

शेजाऱ्याचा दुसरा सल्ला मजुरी बुडवण्याचा. वेतन प्रदान कायदा १९३६ सालचा. त्यात मालकाला नुकसानीपोटी पगारातून कपात करायची मुभा होती, पण अटींसह: नुकसान कामगाराच्या दुर्लक्षामुळे झालेलं असावं, कपात नुकसानीहून जास्त नसावी आणि आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी मिळावी. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व आहे. तुमच्या घरच्या दोन दिवसांच्या कामाला हे कलम जसंच्या तसं लागेल असं नाही. पण कारखानदाराला जी मनमानी करता येत नाही ती घरमालकाने करू नये, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. आदल्या दिवशी नीट केलेल्या कामाची मजुरी तर सरळ त्याची आहे.

याहून गंभीर प्रकार आपल्या भागात घडतो. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, काय असते हे सांगायला नको. नुकसानीचा आकडा उचलीसारखा माणसाच्या नावावर मांडायचा, आधार कार्ड किंवा मोबाइल ठेवून घ्यायचा आणि ‘फिटेपर्यंत इथेच काम कर, दुसरीकडे जायचं नाही’ म्हणायचं. ही वसुली राहत नाही, वेठबिगारी होते. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने तिला मनाई आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे ज्याचं नुकसान झालं तोच आरोपी होऊन बसतो. पूर्ण मजुरी हातात देऊन, माणूस जायला मोकळा असताना, त्याने राजीखुशीने दरमहा काही रक्कम परत करणं ही निराळी गोष्ट. त्यात काही गैर नाही.

दावा जिंकलात तरी

समजा तुम्ही हट्टाला पेटलात. करारभंगाच्या भरपाईचा दावा तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात करता येतो. बोली तोंडी असली तरी चालते. करार कायद्याला कागद अनिवार्य नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेले दर, कामाचे फोटो, फोन-पेची नोंद हे पुरावे म्हणून दाखल करता येतात, त्यासोबत ठरलेलं प्रमाणपत्र मात्र जोडावं लागतं. समजा हुकूमनामाही मिळाला. आता वसुली.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम काय जप्त करता येत नाही याची यादी देतं. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. मजुराची आणि घरगड्याची मजुरी. शेतकऱ्याची औतं. रोजंदारीवरच्या माणसाकडे याशिवाय दुसरं असतं काय? घोडी आणि पाने ही त्याची हत्यारं, ती जप्त होत नाहीत. रोज ही त्याची मजुरी, तीही होत नाही. दिवाणी कैद म्हणाल, तर जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की ज्याच्यापाशी फेडायला खरोखर काही नाही, त्याला केवळ देणं राहिलं म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. थोडक्यात, वकिलाची फी देऊन तुम्ही एक छान टाइप केलेला कागद मिळवाल.

कायदा इथे गरिबाच्या बाजूने झुकलाय आणि तो झुकाव जाणूनबुजून ठेवलेला आहे. माणसाची हत्यारं विकून एकदाचं देणं वसूल करता येईल, पण उद्यापासून त्याने खायचं काय?

कोणता विमा कशाला उपयोगी

‘त्याचं बांधकाम कामगाराचं कार्ड आहे, म्हणजे विमा असेल’ हा एक गोड गैरसमज. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी असेल तर कामगाराच्या स्वतःच्या आजारपणाला, अपघाताला, मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. वर्षाला वीस रुपयांत मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याच्या अपघाती मृत्यूवर घरच्यांना दोन लाख देते. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, त्याच्याकडे नसतील तर काढायला सांगा. पण त्याने तुमच्या फरशा फोडल्या तर दोन्हींतून एक रुपया येणार नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा फार तर मोठ्या बांधकामांच्या ठेकेदारांकडे सापडतो.

तुमचा स्वतःचा घरविमा असेल तर काही दारं उघडतात. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी विकणं बंधनकारक आहे. आग, वीज, भूकंप, पूर, तसंच पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून होणारं नुकसान तिच्यात येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. वेल्डरच्या ठिणगीने गादी पेटली आणि खोली जळाली, तर ती आग कोणाच्या हलगर्जीमुळे लागली याने सहसा दावा अडत नाही. तुम्ही मुद्दाम लावलेली नसली की झालं. बोअरमध्ये पडलेली मोटार मात्र या यादीत बसवणं अवघड. पॉलिसी यादीतल्या संकटांनाच पैसे देते, आणि क्लॅम्प निसटणं हे त्यातलं संकट नाही.

एक बारीक कलम इथे सांगायलाच हवं. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा नुकसान करणाऱ्याकडून वसूल करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. म्हणून दावा दाखल करण्याआधी दयेपोटी ‘माझं तुझ्याकडे काही नाही’ असं कारागिराला लिहून देऊ नका. कंपनीचा हक्क तुम्ही बुडवलात म्हणून दावा अडकू शकतो. या हक्काचं विचित्र टोक इंग्लंडमध्ये दिसलं. रॉमफर्डच्या बर्फ कंपनीचा लिस्टर नावाचा ड्रायव्हर लॉरी मागे घेत होता. लॉरीची धडक त्याच्याच वडिलांना बसली. तेही त्याच कंपनीत होते. विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली, मग मालकाच्या नावाने मुलावर दावा लावला आणि १९५७ मध्ये तो जिंकलाही. एवढा गदारोळ झाला की तिथल्या विमा कंपन्यांनी पुढे असे दावे सहसा न करण्याचं आपसात ठरवलं.

विमा कंपनीने दावा नाकारला तर आपल्या भागासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

चौकट : काम सांगताना आणि नुकसान झाल्यावर

*आधी* – काम अंगावर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि आधारचा फोटो. रक्कम, काम आणि ‘सामान-माणसांची जबाबदारी तुमची’ एवढं व्हॉट्सॲपवर लिहून त्याचं ‘हो’ घ्या. भिंतीतल्या पाइप-वायरचा रस्ता दाखवा. रस्सा, शिडी, क्लॅम्प त्याचेच वापरायला सांगा. सगळी रक्कम आधी देऊ नका.

*लगेच* – मेन स्विच किंवा व्हॉल्व्ह बंद. निसटलेला क्लॅम्प, तुटलेला आटा जपून ठेवा, फोटो काढा. दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी घडलं ते लिहून ठेवा. दुसऱ्या जाणत्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत पसारा हलवू नका.

*करू नका* – मारहाण, मोबाइल किंवा आधार ठेवून घेणं, माणूस डांबणं, कोऱ्या कागदावर सही.

ग्राहक आयोग आणि लोक अदालत

गुत्त्याने दिलेलं काम असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आयोग आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणीची सेवा स्पष्ट शब्दांत येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण त्याच कायद्यात ‘वैयक्तिक सेवेचा करार’ बाहेर ठेवलाय. तुमच्या हुकुमाखाली रोजाने राबणारा माणूस त्यात मोडतो, असं म्हणायला जागा आहे. म्हणजे इथेही पुन्हा रोज आणि गुत्तं हाच फाटा.

रोजंदारीवरच्या माणसाशी वाद असेल तर मला एकच वाट खऱ्या अर्थाने उपयोगी वाटते: लोक अदालत. न्यायालयात दावा दाखल न करताही, ‘दाखलपूर्व’ प्रकरण म्हणून वाद तिथे नेता येतो. फी नाही. समोरासमोर बसून रक्कम कमी करता येते, हप्ते पाडता येतात, काही भाग कामाच्या रूपात, पूर्ण दराने मोजून, वळता करून घेता येतो. ज्याच्याकडून एकरकमी चाळीस हजार कधीच येणार नाहीत, त्याच्याकडून महिन्याला हजार येऊ शकतात. सह्या झाल्या की त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नाही. वसुलीच्या मर्यादा तिथेही त्याच, फक्त इथे आकडा दोघांनी मिळून ठरवलेला असतो आणि माणूस स्वतः कबूल केलेले पैसे जास्त वेळा देतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी आहे, राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून चार वेळा भरते आणि पुढची तारीख कधी, हे १५१०० या मोफत क्रमांकावर विचारता येतं. जाताना त्या कारागिरालाही हा नंबर द्या. उत्पन्न कमी असेल तर त्याला वकील फुकट मिळतो.